आर्टिचोक: ताटातलं आणि कॅप्सूलमधलं

कर्वेनगरहून एका ताईंनी विचारलं आहे. त्यांची नणंद मिलानहून आली, येताना तेलातल्या आर्टिचोकच्या (ही एका काटेरी झाडाची कळी, युरोपात भाजी म्हणून खातात) दोन बरण्या आणि ‘यकृतासाठी उत्तम’ असं म्हणत आर्टिचोकच्या कॅप्सूलचा एक डबा घेऊन आली. सासऱ्यांचं वय ६८, फॅटी लिव्हर आणि वाढलेलं कोलेस्टेरॉल, त्यासाठी स्टॅटिनची गोळी चालू. मागे एका सोनोग्राफीत पित्ताशयात खडा दिसला होता, त्रास नाही म्हणून तो तसाच ठेवला आहे. सासूबाईंना मधुमेह. कॅप्सूल द्यायच्या का, बरण्यांचं काय करायचं, मंडईत कधी ताजं आर्टिचोक दिसलं तर घ्यावं का, आणि घेतलं तर ते शिजवायचं कसं, असे त्यांचे चार प्रश्न आहेत.

पहिल्याचं उत्तर आधी देते, कारण त्यात थांबण्यासारखं नाही. कॅप्सूलचा डबा उघडू नका. कारण यकृत नाही, तो खडा आहे. आर्टिचोकच्या पानांच्या अर्काने पित्ताचा स्राव आणि प्रवाह वाढतो. त्याचा जो काही औषधी उपयोग सांगितला जातो, तो मुख्यतः याच गुणावर उभा आहे. पित्ताशयात खडा असताना पित्ताला जोर दिला, की खडा सरकून नळीत अडकण्याचा धोका असतो. मग उजव्या बरगडीखाली कळा, उलट्या, कधी कावीळ, आणि रात्री-अपरात्री इस्पितळ. युरोपियन मेडिसिन्स एजन्सी ही युरोपची औषध नियामक संस्था. आर्टिचोकच्या पानाबद्दलच्या तिच्या अधिकृत टिपणात पित्तनलिकेतला अडथळा, पित्ताचे खडे, पित्ताचे इतर विकार आणि हिपॅटायटिस असलेल्यांनी हे घेऊ नये असं स्पष्ट लिहिलेलं आहे. नणंदेचा हेतू चांगलाच आहे, पण खड्याची गोष्ट डब्याला माहीत नाही.

आता खडा नसता तर काय, हेही सांगते, कारण असे डबे हल्ली घरोघरी येतात. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. जी खातात ती आर्टिचोकची न उमललेली कळी. कॅप्सूलमध्ये असतो तो त्याच झाडाच्या मोठ्या, दातेरी, कडूजहर पानांचा अर्क. ही पानं भाजी म्हणून कुणी खात नाही. सिनारिन, क्लोरोजेनिक आम्ल, ल्युटिओलिन ही नावं तुम्ही डब्यावर वाचली असतील. ती द्रव्यं कळीतही असतात, पण पानांत त्यांचा भरणा जास्त, आणि अर्कात ती आणखी दाट केलेली असतात. म्हणजे ‘आर्टिचोकने कोलेस्टेरॉल उतरतं’ असं जे वाचायला मिळतं, ते बहुतेक वेळा पानांच्या अर्काबद्दल असतं आणि फोटो मात्र कळीचा लावलेला असतो. पिझ्झावरचे चार तुकडे खाऊन तो गुण येईल अशी अपेक्षा धरायची नाही. आणि उलट बाजूने, ‘भाजीच तर आहे, काय होतंय’ असं म्हणत अर्काच्या गोळ्या गिळायच्या नाहीत.

अर्काचा तरी गुण किती? कॉक्रेन ही संस्था जगभरच्या चाचण्या एकत्र तपासून निष्कर्ष काढते. २०१३ साली तिने कोलेस्टेरॉलसाठीच्या आर्टिचोक अर्काचा आढावा घेतला, तेव्हा निकषांत बसतील अशा फक्त ३ चाचण्या सापडल्या, सगळ्या मिळून २६२ माणसं. निष्कर्ष असा निघाला की कोलेस्टेरॉल थोडं उतरण्याची चिन्हं आहेत, पण पुरावा अजून पटण्याइतका नाही. त्यानंतर आणखी लहान चाचण्या झाल्या. फॅटी लिव्हरमध्ये यकृताची एन्झाइम्स थोडी खाली आल्याचंही काहींत दिसलं. पण तुमच्या सासऱ्यांची स्टॅटिनची मध्यम मात्रासुद्धा एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ३० टक्क्यांच्या वर उतरवते, आणि त्यामागे लाखो रुग्णांचा अनुभव आहे. ती गोळी ‘आता नैसर्गिक काहीतरी घेतोय’ म्हणून बंद करणारे लोक मला नेमाने भेटतात. तसं करू नका.

पचनासाठी, म्हणजे जेवणानंतर पोट गच्च होणं, फुगणं, वारा धरणं यासाठी युरोपात हे पान पूर्वापार वापरतात, आणि वरच्या त्याच टिपणात ‘पारंपरिक वापर’ म्हणून त्याला जागा आहे. पारंपरिक वापर म्हणजे वापराचा काळ मोठा आहे एवढंच. चाचणीत सिद्ध झालंय असं नाही. आपल्याकडे ओवा आहे, तो खा.

फॅटी लिव्हरचं खरं औषध कंटाळवाणं आहे. वजन ७ ते १० टक्के उतरलं की यकृतातली चरबी आणि सूज दोन्ही कमी होतात, ही गोष्ट भक्कम आहे. सासऱ्यांचं वजन ८० किलो असेल तर ६ ते ८ किलो. ते संध्याकाळच्या फरसाणाच्या वाटीत, चहाच्या साखरेत आणि रात्रीच्या उशिराच्या जेवणात दडलेले असतात. आर्टिचोकचा याला हातभार लागू शकतो, पण तो भाजी म्हणून. ताटात भाजीची जागा वाढली, म्हणजे पोळी-भाताची आपोआप कमी झाली, तेवढाच.

भाजी म्हणून मात्र ही कळी खरोखर चांगली आहे, त्यात शंका नको. कच्च्या आर्टिचोकच्या खाण्यायोग्य भागात १०० ग्रॅममागे सुमारे ४७ कॅलरी, साडेदहा ग्रॅम कर्बोदकं आणि त्यातले ५.४ ग्रॅम तंतू. म्हणजे कर्बोदकांतला निम्मा भाग पचतच नाही. प्रथिनं ३.३ ग्रॅम, भाजीच्या मानाने बरीच. फोलेट ६८ मायक्रोग्रॅम, मॅग्नेशियम ६० मिलिग्रॅम, पोटॅशियम ३७० मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू सांगते. त्या हिशेबाने १०० ग्रॅम गाभा, म्हणजे कळीच्या बुडाचा मांसल भाग, हा चांगला पाचवा हिस्सा झाला. पण लगेच हेही सांगते की शिजवलेल्या राजम्यात किंवा छोल्यांत १०० ग्रॅममागे ७ ग्रॅमच्या आसपास तंतू असतात, आणि त्यासाठी मिलानला नणंद असावी लागत नाही.

आर्टिचोकचे तंतू वेगळे ठरतात ते इन्युलिनमुळे. हा फ्रुक्टोजच्या साखळ्यांचा पदार्थ. आपल्या लहान आतड्यात तो तोडणारा विकर नाही, त्यामुळे तो जसाच्या तसा मोठ्या आतड्यात उतरतो आणि तिथल्या बिफिडोबॅक्टेरियासारख्या उपयोगी जिवाणूंचं अन्न होतो. जिवाणू तो आंबवतात, त्यातून आखूड साखळीची मेदाम्लं तयार होतात, त्यांवर आतड्याच्या अस्तराच्या पेशी पोसल्या जातात. रक्तातली साखर इन्युलिनमुळे वाढत नाही. म्हणून तुमच्या सासूबाईंना आर्टिचोक चालेल, नव्हे चांगलंच चालेल. फक्त त्याबरोबर पांढऱ्या पावाचे जाड तुकडे आले तर हिशेब फिरतो.

प्रमाणाचं मात्र भान हवं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने इन्युलिनमुळे शौचाला नियमितपणा येतो हा दावा मान्य केला, तो चिकोरीच्या मुळातल्या इन्युलिनबद्दल, आणि रोज १२ ग्रॅम पोटात जाणार असेल तर. महिन्यातून एकदा खाल्लेली कळी तिथवर पोचवत नाही. आपल्या जेवणात इन्युलिनच्याच कुळातले फ्रुक्टॅन नावाचे तंतू रोज येतात ते कांद्यातून, लसणातून आणि गव्हाच्या पोळीतून. कांदा चिरताना कुणी ‘प्रीबायोटिक’ म्हणत नाही, एवढाच फरक.

ज्यांचं पोट नाजूक आहे, आयबीएसचा (आतडं चटकन बिघडण्याचा) त्रास आहे, ज्यांना कांदा-लसूण जास्त झाला की वायू धरतो, त्यांना आर्टिचोकही तसाच त्रास देईल. कारण तेच फ्रुक्टॅन. पहिल्यांदा खाताना एक लहान गाभा, तोही दुपारी. झेंडू, शेवंती, सूर्यफूल याच कुळातलं हे झाड आहे. शेवंतीच्या हाराने ज्यांच्या अंगावर पुरळ उठतं किंवा शिंका येतात, त्यांनी जपून. मूत्रपिंडाचा आजार असून पोटॅशियमवर बंधन असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर घाबरण्याचं कारण नाही, यात के जीवनसत्त्व १०० ग्रॅमला १५ मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे पालकाच्या तुलनेत नगण्य. फक्त एखाद्या आठवड्यात रोज आणि मग महिनाभर काहीच नाही असं करू नये.

आणि खडा असलेल्या सासऱ्यांनी भाजी म्हणून कळी खावी का? अधूनमधून एखादा उकडलेला गाभा खायला हरकत नाही. तळलेला किंवा तेलात पोहणारा नको. खडा असताना पित्ताशयाला त्रास होतो तो मुख्यतः तेला-तुपाच्या जड जेवणाने. जेवणानंतर बरगडीखाली दुखू लागलं तर आर्टिचोकचा विचार सोडा आणि सर्जनना दाखवा.

आता बरण्या. इटलीहून येतात त्या बरण्यांतले आर्टिचोक कोवळ्या, लहान कळ्यांचे असतात. बाहेरचं कठीण सगळं काढून टाकलेलं असतं, म्हणून अख्खा तुकडा खाता येतो. ते व्हिनेगर किंवा लिंबाच्या आम्लात मुरलेले, वरून तेल आणि मीठ. तेल नेहमीच ऑलिव्हचं असतं असं नाही, बऱ्याचदा सूर्यफुलाचं असतं, लेबलवर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत पाहा. मिठाचा आकडाही तिथेच असतो. दिवसभराचं एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवायचं, आणि आपल्याकडे लोणचं-पापडातच त्यातलं बरंच संपतं. म्हणून बरणीतले तुकडे चाळणीत निथळायचे, कोमट पाण्याने एकदा-दोनदा धुवायचे, हाताने हलके पिळायचे. बरणीतल्या तेलाची फोडणी करण्याचा मोह होईल, वाया कशाला घालवायचं म्हणून. करू नका. त्यात व्हिनेगरचं पाणी असतं, कढईत पडलं की सगळ्या ओट्यावर उडतं. ते तेल कोशिंबिरीवर चमचाभर घालून संपवा.

या तुकड्यांचं आपल्या पद्धतीने सगळ्यात छान काय होतं, तर पीठ पेरून केलेली भाजी. ढोबळी मिरचीची करतो तशीच: मोहरी, हिंग, हळद, भरपूर लसूण, त्यावर बारीक चिरलेले तुकडे, वरून डाळीचं पीठ भुरभुरायचं, झाकण ठेवून दोन वाफा. मूळचा आंबटपणा असतोच, त्यामुळे लिंबू नको, आमचूर नको, चिंच तर मुळीच नको. मीठही आधी चव पाहून. याच आंबटपणामुळे हे तुकडे दुधा-सायीच्या पांढऱ्या सॉसमध्ये घातले की सॉस फुटतो. दह्याच्या चक्क्यात मात्र चालतात. हॉटेलात पालक-आर्टिचोकचं जे डिप मिळतं, त्यात मेयोनेज, क्रीम चीज आणि वरून आणखी चीज असतं. पौष्टिक भाजीच्या नावाखाली फॅटी लिव्हरवाल्याला जे खायला नको ते सगळं एका वाडग्यात. घरी वाफवलेला पालक घट्ट पिळून, चक्का, लसूण, मिरपूड आणि धुतलेले आर्टिचोकचे तुकडे कालवले तर चव फार लांब जात नाही. भाकरीबरोबर उत्तम लागतं, हे कुणी इटालियन मान्य करणार नाही.

ताजं आर्टिचोक. पुण्यात ते कायम मिळत नाही. मंडईत किंवा मार्केट यार्डात जे गाळे ब्रोकोली, झुकिनी, लेट्यूस ठेवतात, त्यांच्याकडे कधीतरी येतं. कॅम्पातल्या मोठ्या दुकानांत डबाबंद बहुधा मिळतंच. दिसलं तर आधी हातात घ्या. आकाराच्या मानाने जड लागलं पाहिजे. पाकळ्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या हव्यात आणि हलकं दाबल्यावर करकर आवाज आला पाहिजे. पाकळ्या फाकलेल्या, टोकं वाळून तपकिरी, देठ सुरकुतलेला असेल तर कळी जुनी झाली आहे. आत केसाळ तूस वाढलेलं असणार आणि गाभा काथ्यासारखा. अशा कळीला पैसे देऊ नका, विक्रेता कितीही ‘इम्पोर्टेड आहे’ म्हणाला तरी. बाकी महागाईचं म्हणाल तर या भाजीला तोही इतिहास आहे. १९३० च्या दशकात न्यू यॉर्कमध्ये सिरो टेरानोव्हा नावाच्या माफिया गुंडाने आर्टिचोकचा सगळा व्यापार मुठीत धरून भाव चढवले होते. १९३५ च्या डिसेंबरात तिथले महापौर ला गार्डिया यांनी शहरात आर्टिचोक विकायलाच बंदी घातली. बंदी काही दिवसांतच उठली, पण भाजीच्या भावावरून असा निर्णय होऊ शकतो हे वाचून मंडईत बरं वाटतं.

घरी आणल्यावर लगेच करायचं नसेल तर देठाच्या टोकावर पाणी शिंपडून, पिशवीत गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा. चार-पाच दिवस राहतं.

साफ करण्याआधी एक मोठं पातेलं पाण्याने भरा आणि त्यात एक अख्खं लिंबू पिळा. आर्टिचोक कापलं की हवेने काही मिनिटांत काळं पडतं, त्यातल्या फिनॉलांमुळे. लोखंडाशी गाठ पडली तर आणखीच काळं. म्हणून विळीवर चिरू नका आणि लोखंडी कढईत शिजवू नका, अ‍ॅल्युमिनियमचं पातेलंही नको. स्टीलची सुरी, स्टीलचं पातेलं. देठाचा टोकाकडचा वाळका भाग कापा, पण सगळा देठ फेकू नका. त्याची वरची दोरेदार साल काढली की आतला फिकट भाग गाभ्याचाच असतो आणि चवीला तितकाच चांगला. बाहेरच्या दोन-तीन ओळींतल्या राकट पाकळ्या हाताने मोडून काढा. वरचा साधारण तिसरा हिस्सा सुरीने सरळ आडवा छाटा. उरलेल्या पाकळ्यांच्या टोकांना काटे असतात, ते कात्रीने कापा. प्रत्येक कापलेल्या भागावर लिंबाची फोड घासत राहा आणि झालेली कळी लिंबाच्या पाण्यात टाका. निम्म्याहून जास्त वजन कचऱ्यात जातं. पहिल्यांदा करणाऱ्याला हे पाहवत नाही, पण ते तसंच आहे.

शिजवण्यासाठी मला मोदकपात्र सगळ्यात सोयीचं वाटतं. जाळीवर कळ्या देठाकडची बाजू वर करून ठेवायच्या, खालच्या पाण्यात दोन लसूणपाकळ्या आणि लिंबाची साल. मध्यम आकाराला ३० ते ४० मिनिटं, मोठीला त्याहून थोडी जास्त. मधे पाणी आटलं नाही ना, ते पाहा. कुकरमध्ये लवकर होतं, पण एखादी शिट्टी जास्त झाली की पाकळ्यांचा लगदा होतो. मधल्या ओळीतली एक पाकळी ओढून पाहायची, सहज निघून आली तर झालं. उकडल्या-वाफवल्याने आर्टिचोकमधली अँटिऑक्सिडंट द्रव्यं निघून जात नाहीत. वाफवलेल्यात प्रयोगशाळेत ती कच्च्यापेक्षा जास्त मोजली गेली आहेत, आणि तळण्यात त्यांतली फ्लेवोनॉइड नावाची द्रव्यं सर्वांत जास्त घटतात.

खायचं कसं, हे शेवग्याची शेंग खाणाऱ्याला शिकवावं लागत नाही. एक-एक पाकळी ओढायची, तिचं बुडाकडचं मांसल टोक दातांत धरायचं, खेचायचं, गर निघतो, उरलेली पाकळी ताटाच्या कडेला. आत जाल तशा पाकळ्या पातळ आणि फिकट होत जातात. शेवटी जांभळट टोकांचा झुबका आणि त्याखाली केसाळ तूस लागतं. हे तूस म्हणजे न उमललेली फुलं. ते घशात टोचतं, खायचं नाही. चमच्याने खरवडून सगळं काढायचं. खाली बशीसारखा जो गुळगुळीत गाभा राहतो, त्यासाठी हा सगळा उद्योग. लहान मुलांना देताना तूस स्वतः काढून द्या.

पाकळ्या बुडवायला युरोपात वितळलेलं लोणी किंवा मेयोनेज ठेवतात. तुमच्या घरी दोन चमचे चक्का, किसलेला लसूण, लिंबू आणि मिरपूड ठेवा. किंवा दाण्याचं कूट ताकात सैल कालवून, वर जिऱ्याची चमचाभर तुपाची फोडणी. गोडा मसाला, कांदा-खोबऱ्याचं वाटण यात मी आर्टिचोक घालत नाही. चव हलकी आहे, थोडी कडसर, थोडी कच्च्या अक्रोडासारखी, ती वाटणाखाली सापडतच नाही. मग तिथे दुधी घातला काय आणि हे घातलं काय.

आपल्या स्वयंपाकघराला सगळ्यात जवळचा पदार्थ तुर्कस्तानातला आहे. तिथे आर्टिचोकचे गाभे ऑलिव्हच्या तेलात मंद शिजवतात आणि वर घालतात शेपू. चार गाभ्यांना एक कांदा, एक गाजर बारीक चौकोनी, वाटीभर मटार, तीन चमचे तेल, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर साखर, मीठ आणि कपभर पाणी. कांदा तेलात नुसता मऊ करायचा, लाल नाही. बाकी सगळं घालून झाकण ठेवून मंद आचेवर २५ मिनिटं. गॅस बंद केल्यावर मूठभर चिरलेला शेपू. हे गरम खात नाहीत, निववून खातात, म्हणून पुण्याच्या मार्चातल्या दुपारी फार छान लागतं. शेपूला नाक मुरडणारी मंडळीही यातला शेपू खाताना मी पाहिली आहेत. सासऱ्यांसाठी तेल तीनाचं दीड चमचा करा, पाणी थोडं वाढवा.

रोममध्ये दोन तऱ्हा प्रसिद्ध आहेत. एका तऱ्हेत पाकळ्यांच्या मधे लसूण आणि तिथला रानपुदिना भरून, कळ्या देठ वर करून तेल-पाण्यात झाकून शिजवतात. आपला पुदिना जास्त तिखट वासाचा असतो, म्हणून निम्माच घ्या आणि थोडी कोथिंबीर जोडीला. दुसरी तऱ्हा तिथल्या ज्यू वस्तीतली: अख्खी कळी दोनदा तळायची, म्हणजे फुलासारखी उमलते आणि पाकळ्या चिप्ससारख्या कुरकुरीत होतात. अप्रतिम, आणि सासऱ्यांसाठी पूर्ण बाद. घरातल्या बाकीच्यांसाठी डाळीच्या पिठात बुडवून गाभ्याची भजी करून बघा, ओवा घालून. पण ती पावसाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळची गोष्ट, आहाराच्या तक्त्यातली नव्हे.

एक गंमत अनुभवून बघा. आर्टिचोक खाल्ल्यावर साधं पाणी पिलं की ते गोड लागतं, आवळ्यानंतर लागतं तसं. सगळ्यांनाच लागतं असं नाही, काहींना काहीच जाणवत नाही. १९७२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात यावर शोधनिबंध आला होता. सिनारिन आणि क्लोरोजेनिक आम्ल जिभेवरची गोड चव ओळखणारी यंत्रणा तात्पुरती दाबून ठेवतात, पाण्याने ती धुतली गेली की यंत्रणा एकदम जागी होते आणि नुसतं पाणीच गोड भासतं. सासूबाईंना सांगून ठेवा, नाहीतर साखर वाढली की काय म्हणून ग्लुकोमीटर काढतील. याच कारणाने आर्टिचोकच्या जेवणानंतर लगेच खीर-बासुंदी ठेवली तर तिची चव भलतीच लागते.

बाजारात ‘जेरुसलेम आर्टिचोक’ नावाची पावडर किंवा आल्यासारखे दिसणारे कंद मिळाले तर ते हे नव्हे. तो सूर्यफुलाच्या एका जातीचा कंद आहे. इन्युलिन त्यात खूपच जास्त, त्यामुळे पोट फुगण्याची तक्रारही जास्त. आर्टिचोकच्या ‘चहा’च्या पिशव्याही येतात, व्हिएतनामच्या दा लातकडे तो चहा लोकप्रिय आहे. सासऱ्यांना तोही नको, कारण त्यात झाडाचे इतर भागही असतात आणि अर्काचं प्रमाण कळत नाही.

गच्चीत लावायचं म्हणत असाल तर झाड मीटर-सव्वा मीटर पसरतं आणि कळी धरायला त्याला थंडीचे बरेच तास लागतात. पुण्याची थंडी त्या मानाने तोकडी. थंडी कमी लागणाऱ्या ‘इम्पीरियल स्टार’सारख्या जातीचं बी गणपतीनंतर पेरलं तर आशा धरता येते. नाही कळी आली तरी झाड देखणं असतं. आपली करडई याच काटेरी घराण्यातली, दोघींची पानं शेजारी ठेवलीत तर चुलतनातं दिसेल. करडईच्या कोवळ्या पानांची भाजी मात्र हिवाळ्यात मंडईत जुडीने मिळते, आणि लसणाची फोडणी देऊन केलेली ती भाजी आठवड्यातून दोनदा सासऱ्यांच्या ताटात यायला काहीच आडकाठी नाही.

तर घरच्या चौघांसाठी चांगल्या दोन कळ्या मिळाल्या तर जरूर घ्या, रविवारी सावकाश करा. बरण्या महिना-दोन महिन्यांत वर सांगितलं तशा संपवा, उघडलेली बरणी फ्रीजमध्ये आणि तुकडे तेलाखाली बुडालेले राहतील अशी. कॅप्सूलचा डबा नणंदेला परत देताना खड्याचं कारण सांगा, म्हणजे तिला वाईट वाटणार नाही. आणि सासऱ्यांची पुढची लिपिड प्रोफाइल आणि सोनोग्राफी कधी करायची हे त्यांच्या डॉक्टरांना आत्ताच विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवा. खड्याच्या सोनोग्राफीला किती काळ लोटला, ते तुमच्या पत्रात नाही.